आधी स्क्रू, मग कानस

गिटारचा सूर बिघडला की लगेच कानस काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तुम्ही म्हणाल, पंचाहत्तरीकडे झुकलेल्या मराठीच्या मास्तराला गिटारमधलं काय कळतं? पण भजनाला पेटी धरण्यात आयुष्य गेलंय, बेसूर कानाला टोचतंच.

झालं असं. आमच्या नाशिक रोडच्या घरी नातवाची एक इलेक्ट्रिक गिटार आहे, त्यानं पहिल्या पगारातून घेतलेली. तिला त्यानं बिग्सबी पद्धतीचा टेलपीस बसवून घेतला. पॉल बिग्सबी या अमेरिकन कारागिरानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली ही युक्ती. तारांची टोकं एका आडव्या दांड्याला अडकवतात, तो दांडा स्प्रिंगवर तोललेला असतो. बाहेरची दांडी दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होतात आणि सूर लहरतो. ऐकायला गोड लागतं, नाकारत नाही. पण मोकळी तार सुरात आणि वरच्या पडद्यांवर तीच तार चढी, असं सुरू झालं. एका दुकानात दाखवलं तर म्हणे, पडदे घासावे लागतील.

का बरं? टेलपीस बसण्याआधी हेच पडदे सुरात होते ना? घासलेला धातू परत येत नाही. फिरवलेला स्क्रू मात्र उलटा फिरवता येतो.

इथे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक त्यांना एकच औषध देतात. पहिला आजार म्हणजे दांडी सोडल्यावर मोकळी तारच जागेवर परत येत नाही. तार कुठेतरी अडकते, बहुधा खुंट्यांजवळच्या नटच्या खाचेत. सूर लावताना 'टिक्' असा आवाज आला की समजावं. खाचेत साध्या पेन्सिलीचं शिसं घासलं की तार सरकायला लागते. (आयुष्यभर पेन्सिलीनं वह्या तपासल्या, तिचा हा उपयोग आत्ता कळला!) ब्रिज, म्हणजे आपली घोडी, हीसुद्धा दांडीबरोबर पुढे झुकून तशीच राहत नाही ना, ते पाहावं. झुकली तर तारेची लांबीच बदलते.

दुसरा आजार इंटोनेशनचा. टेलपीस बदलताना तारा नव्या येतात, कधी जाडी बदलते, ब्रिज वरखाली होतो. मग जुनं माप चालणार कसं? तपासणी सोपी आहे. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला हलकेच बोट टेकवून छेडायची, मग त्याच पडद्यावर दाबून छेडायची. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल मानेपासून दूर न्यायचं, उतरा असेल तर मानेकडे आणायचं. दर वेळी तार पुन्हा सुरात लावून मगच ऐकायचं. कंटाळवाणं काम आहे, सहा तारांना एक दुपार जाते. आणि पहिला आजार बरा झाल्याशिवाय ह्याला हात लावू नये. मोकळी तारच हलत असेल तर ताडून पाहायचं कशाशी?

एवढं करून फोनवरचा ट्यूनर खूश होतो, तरी नातू म्हणतो, "आजोबा, कॉर्ड अजून खटकतोय." खटकणारच. गिटारचे पडदे पेटीच्या पट्ट्यांसारखे सप्तकाच्या बारा समान भागांवर ठोकलेले. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा हा गांधार सुमारे १४ भाग चढा असतो. पेटीवरचा जुना आक्षेपही हाच. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला दार बंद ठेवलं, त्यामागे ठरीव सुरांची ही तक्रारही होती. मला तेव्हाही ते जरा अतीच वाटायचं. आमची भजनं काही त्या १४ भागांपायी अडली नाहीत!

तेव्हा त्या गांधारासाठी सॅडल छळू नये. अगदीच सहन होत नसेल तर मिरजेची सतार घ्यावी. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, रागाप्रमाणे खुशाल सरकवा. नातवाला हे सुचवलं, तर तो म्हणाला की सतारीला दांडी नसते.