विणण्यापूर्वीं त्रैराशिक

पुढून उघडें व गुंड्या लावावयाचें जें लोकरी वस्त्र कार्डिगन म्हणून ओळखलें जातें, त्याचें नांव एका इंग्रज सरदारावरून पडलें आहे. क्रिमियाच्या युद्धांत, १८५४ सालीं, बालाक्लाव्हा येथें घोडदळाच्या प्रसिद्ध हल्ल्याचें नेतृत्व करणारा कार्डिगनचा सातवा अर्ल तो हाच. पराक्रम रणांगणावर राहिला. नांव मात्र घरोघरच्या खुंटीवर येऊन लटकलें!

या वस्त्राची खरी योग्यता त्याच्या उघड्या पुढ्यांत आहे. डोक्यावरून घालावयाचा स्वेटर तरुणांस सोसतो. पण ज्यांचे खांदे आंखडले आहेत अशा वडील माणसांस हात वर करणें हीच शिक्षा होते. पहाटे देवपूजेस बसणाऱ्या आजीबाईंना एकेक हात बाहींत सरकवून, कोणाची मदत न घेतां घालतां येईल असें वस्त्र हवें. म्हणून विणणारीनें प्रथम नमुन्यांच्या पुस्तकाकडे न पाहतां, तें घालणाऱ्या माणसाकडे पाहावें.

त्यानंतर येतें गणित. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं ‘लीलावती’त सांगितलेलें त्रैराशिक येथें उपयोगी पडतें. छाती ३६ इंच असेल, तर पोलक्यावर सैल बसावें म्हणून घेर ४० इंच धरावा. इंचास ५ टाके बसतील असें समजून एकंदर २०० टाके घातले आणि प्रत्यक्षांत हातानें साडेपांच बसले, तर घेर ३६ इंचांच्या किंचित् वर भरतो. ठेवलेली सर्व ढिलाई नाहींशी होते. चूक अर्ध्या टाक्याची, पण श्रम महिनाभराचे वायां जातात! याकरितां त्याच लोकरीचा, त्याच सुयांनीं, पांच-सहा इंच चौरस तुकडा आधीं विणावा, धुवून वाळवावा आणि मधल्या ४ इंचांतील टाके मोजावे. हा तुकडा म्हणजे लोकरीची नासाडी, असें म्हणणाऱ्यांस सांगावें कीं, तो उसवून पुन्हां वापरतां येतो. गेलेला महिना उसवून परत मिळत नाहीं.

रोजच्या वस्त्रास जाळीदार नक्षी नको. ती बांगडींत व कडींत अडकते. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण पुरे. खालची कड, मनगटें व गुंड्यांची पट्टी यांस मात्र एक टाका सुलट, एक उलट अशी लवचिक वीण घ्यावी. बाही खांद्याकडून मनगटाकडे विणावी. म्हणजे मनगट झिजल्यास तेवढेंच उसवून नवें करतां येतें व वाढत्या मुलाची बाही लांबवितां येते. त्यासाठीं त्याच लोकरीची एक लडी राखून ठेवावी.

धुण्याचें पाणी कोमट असावें. कढत पाण्यानें व चोळण्यानें लोकरीच्या तंतूंवरील खवले एकमेकांत गुंततात आणि वस्त्र आटतें. पिळूं नये, पंचांत गुंडाळून दाबावें व सावलींत सपाट पसरावें. दोरीवर टांगल्यास तें पाण्याच्या भारानें लांबतें.

विणकाम हा रिकामपणाचा उद्योग नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल. घरांत कोणी टाके मोजीत असतां तिला मध्येंच चहाकरितां हांक मारूं नये, एवढें तरी आम्हां पुरुषांस खचित करतां येईल.