कुटुंबप्रमुखाचे नाव (आवश्यक *)

मागच्या आठवड्यात ऑफिसात एक छोटासा वाद झाला आणि त्या वादातून मी थेट निकोबारला जाऊन पोचलो. म्हणजे गूगलवर हो, बोटीने नव्हे :)

झालं असं. एका योजनेच्या लाभार्थी नोंदणीचं मोड्यूल सध्या माझ्याकडे आहे. फॉर्म, डेटाबेस, व्हॅलिडेशन, सगळंच. फॉर्मवरचं पहिलं बंधनकारक फील्ड म्हणजे 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. टेस्टिंग करणाऱ्या मुलीने विचारलं, "एका घरात तीन चुली असतील तर? किंवा तीन घरांत मिळून एकच चूल असेल तर?" मी टेचात सांगितलं, "एज केस आहे गं, फेज टूमध्ये बघू." तिकीट बंद केलं आणि जेवायला गेलो.

रात्री घरी आल्यावर मात्र ते 'एज केस' डोक्यातून जाईना. कारण माझी आजी गेली तीस वर्षं एका एज केसमध्येच राहते आहे. माझं आजोळ लातूर जिल्ह्यातलं, पुनर्वसित गाव. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप माझ्या जन्माआधीचा. जुन्या गावात आजोबा आणि त्यांचे तीन भाऊ एकाच वाड्यात राहायचे. नव्या गावात घरं मिळाली ती कोणाच्या नावावर किती जमीन त्या हिशोबाने, 250, 450 नाहीतर 750 चौरस फुटांची. चार भावांना चार प्लॉट मिळाले, चार वेगवेगळ्या रस्त्यांवर. पूर्वी थोरल्या जावेकडे जायचं तर आजी नुसती ओसरी ओलांडायची. आता गुडघे धरून दहा मिनिटं चालते. घर पक्कं आहे, सिमेंटचं आहे, तक्रार करायला जागा नाही. तरी ती त्याला अजून 'सरकारचं घर'च म्हणते.

असो. आता मूळ मुद्दा.

भूकंप आणि बेट असं म्हटलं की इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटाची गोष्ट हमखास फॉरवर्ड होऊन येते. 1907 च्या लाटेची आठवण तिथल्या लोकांनी 'स्मोंग' या एका शब्दात जपून ठेवली होती. 2004 मध्ये जमीन हलली तशी माणसं डोंगराकडे पळाली आणि सुमारे 78 हजारांच्या वस्तीत फक्त सात जण गेले. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण ती लाट ओसरते तिथे संपते. आपल्याच देशातल्या बेटांवर लाट ओसरल्यानंतर जे झालं ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

26 डिसेंबर 2004, रविवार, सकाळचे साधारण साडेसहा. मी तेव्हा शाळेत होतो, टीव्हीवर सगळी चेन्नईची मरीना बीच दिसत होती. निकोबार दिसत नव्हतं, कारण तिथून फोनच लागत नव्हता. भूकंपाचं केंद्र सुमात्रापाशी, तीव्रता 9.1. पण जमिनीखालची फाट तिथून उत्तरेला अंदमानपर्यंत, बाराशे किलोमीटरहून जास्त, उलगडत गेली. चेन्नईला पाणी यायला काही तास लागले. निकोबार मात्र त्या फाटेवरच बसलेलं, त्यामुळे आधी भूकंप, मग मिनिटांत लाट, आणि वर जमीनच खाली गेली. ग्रेट निकोबारच्या टोकाचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचला. किनाऱ्यावरचं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. ट्रिंकेट बेटाचे तुकडे झाले आणि तिथल्या लोकांना कायमचं कामोर्ताला हलवावं लागलं. कार निकोबार तर भाकरीसारखं सपाट, गावं सगळी किनाऱ्याला. अंदमान-निकोबारचा सरकारी आकडा मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे साडेतीन हजार, त्यातले बहुतेक निकोबारचे.

इथपर्यंत निसर्ग. मला बोलायचं आहे ते पुढच्या भागाबद्दल.

निकोबारी लोकांत 'तुहेत' नावाची एक गोष्ट आहे. एकत्र कुटुंब म्हणा, पण आपल्या कल्पनेपेक्षा बरंच मोठं. जमीन तुहेतची, नारळाच्या बागा तुहेतच्या, डुकरं तुहेतची. वडीलधारी माणसं ठरवणार कोणी कुठली बाग करायची, कोणाच्या लग्नाला काय द्यायचं. म्हातारा माणूस, विधवा, अनाथ पोर यांची वेगळी 'योजना' काढावी लागत नाही, ते तुहेतमध्ये असतातच. नारळ हा या सगळ्याचा पाया. माणसाने खायचा, डुकराला घालायचा, उरलेल्याचं खोबरं करून विकायचं आणि त्या पैशातून तांदूळ, साखर, कापड आणायचं.

आता या समाजावर मदत आली. भरपूर आली, आणि मनापासून आली हेही खरं. पण मदतीच्या प्रत्येक फॉर्मवर पहिला कॉलम काय असणार? बरोबर. कुटुंबप्रमुखाचे नाव. तुहेतला बँकेत खातं उघडता येत नाही. तुहेतचा फोटो चिकटवता येत नाही. मग नवरा, बायको, मुलं असे तुकडे पाडून याद्या झाल्या, आणि चेक त्या तुकड्यांच्या नावाने निघाले. आधी आले पत्र्याचे तात्पुरते निवारे. विषुववृत्ताजवळच्या बेटावर पत्रा! ज्यांची पारंपरिक घरं खांबांवर उभी, गवताने शाकारलेली, गोल आणि खालून वारा खेळणारी, त्यांना. मग पक्की घरं आली, दोन्ही द्वीपसमूहांत मिळून जवळपास दहा हजार, सामान मुख्य भूमीवरून बोटीने आणलेलं. एका विभक्त कुटुंबाला एक घर, रांगेत. आम्हाला हत्यारं द्या, घरं आम्ही बांधतो, असं निकोबारी पुढाऱ्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. हत्यारं हा टेंडरमध्ये बसणारा आयटम नसावा बहुधा.

सिमरन जीत सिंग नावाचे अभ्यासक त्सुनामीच्या आधीपासून या बेटांवर काम करत होते, ट्रिंकेटवर त्यांचा अभ्यास होता. म्हणजे आधीचं आणि नंतरचं, दोन्ही पाहिलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की लाटेनंतरची मदत हीच एक गुंतागुंतीची आपत्ती झाली. नारळाचं झाड फळायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर फुकट रेशन आणि हातात रोख. पैसा वैयक्तिक झाला, तशी मोटरसायकल, टीव्ही, दारू आली, आणि जमिनीवरून भावाभावांत भांडणं सुरू झाली. वाचताना मला आजोळची आठवण येत होती, कारण तिथेही आजोबा आणि धाकटे आजोबा प्लॉटच्या हद्दीवरून अकरा वर्षं बोलत नव्हते. वाड्यात असताना भांडले नसते का? भांडले असते. पण बोलणं बंद करायला वाड्यात जागाच नव्हती.

आता दुसरी बाजू, कारण कॉमेंटमध्ये कोणीतरी काढणारच. मी स्वतः पुण्यात टू बीएचकेमध्ये राहतो. एकत्र कुटुंबाचे गोडवे लांबून गाणं सोपं असतं. तुहेतमध्ये वडीलधाऱ्यांचा शब्द शेवटचा, आणि एखाद्या तरुण निकोबारी मुलीला स्वतःच्या नावाचा चेक पहिल्यांदा मिळाला असेल तर तिला तो नको होता असं म्हणणारा मी कोण? शिवाय अधिकाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही यादीच केली असती. हजारो माणसं उघड्यावर, पाऊस तोंडावर, वरून ऑडिट. पैसे कोणाला दिले याचा हिशोब लागतोच.

हे सगळं मान्य. तरी माझा आक्षेप राहतो, आणि तो टेक्निकल आहे. डेटाबेसमध्ये ज्या गोष्टीला टेबल नाही ती गोष्ट सिस्टिमच्या लेखी नसते. तुहेत मोडा असं कुठल्याही जीआरमध्ये लिहिलेलं नसणार. कोणाची तशी इच्छाही नसणार. फक्त एक फील्ड कमी होतं. 'कुटुंब' ऐवजी 'गट' असा एक पर्याय, त्याखाली सभासद, आणि गटाच्या नावाने एकत्र खातं. बचत गटांसाठी आपल्या बँका हे कधीपासून करतात! पण ते सुचायला कोणीतरी आधी जाऊन विचारायला हवं की बाबांनो, तुमच्यात 'घर' कशाला म्हणतात?

आणि हे वीस वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. ग्रेट निकोबारच्या निकोबारी लोकांना त्सुनामीनंतर कॅम्पबेल बेजवळच्या राजीवनगर आणि न्यू चिंगेन या वसाहतींत आणलं, तात्पुरतं म्हणून. आपल्या जुन्या गावांना परत जायचंय हे ते वर्षानुवर्षं सांगत आहेत. दरम्यान त्याच बेटावर गॅलथिया बे इथे बंदर, विमानतळ, टाउनशिप असा प्रचंड प्रकल्प आला. 2022 मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच वर्षी तिथल्या ट्रायबल कौन्सिलने आधी दिलेली संमती मागे घेतली, आमच्या जुन्या गावांची जमीन यात जाते हे आम्हाला नीट सांगितलं नव्हतं म्हणून. रेकॉर्डवर त्या गावांत कोणी राहत नाही. बरोबरच आहे, तुम्हीच उचलून आणलंत ना त्यांना! ज्यांना हे सविस्तर वाचायचंय त्यांनी पंकज सेखसरियांचं लेखन शोधावं. पुण्याच्या कल्पवृक्षशी जोडलेला हा माणूस बरीच वर्षं या बेटांबद्दल लिहितो आहे.

शनिवारी आजीला फोन केला. म्हटलं, तुमचं कुटुंब किती माणसांचं? ती म्हणाली, "कुठलं? रेशनकार्डावरचं का खरं?"

सोमवारी तिकीट पुन्हा उघडलंय. लीड म्हणतेय की स्कीमा बदलायचा तर क्लायंटकडून लेखी आणा, नाहीतर तीन आठवड्यांचं काम कोणाच्या नावावर टाकायचं? बुधवारी कॉल आहे. टेस्टिंगवाल्या मुलीलाही बोलावलंय.