फसल्या कशा, हा प्रश्न कुणाला?

पेडणे तालुक्यात माझं गाव. दर वर्षी देवळाच्या जत्रेला गावातली हौशी मंडळी मराठी नाटक बसवतात. मागच्या जत्रेला 'तो मी नव्हेच' ठरलं आणि बाईच्या एका भूमिकेला मुलगी मिळेना, म्हणून मला विचारलं. मी सरकारी मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे पाठांतराची भीती नव्हती. घरी थोडी कुजबुज झाली, "देवळाच्या मांडवात नाटक? इगर्जेत कोण काय म्हणेल?" पण पप्पा म्हणाले, "कर." आणि मी केलं.

फिरता रंगमंच आमच्याकडे कुठला! काळोख करायचा, दोन बाकं सरकवायची, झालं कोर्ट. मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून सांगत होते की या माणसाने माझ्याशी लग्न केलं आणि मला फसवलं. समोर आरोपी लखोबा लोखंडे, स्वतःच स्वतःचा वकील, थंडपणे सांगत होता की तो मी नव्हेच. मांडव हसून लोळत होता. माझ्या रडण्यालाही हसला.

नाटक बघायला डिचोलीहून माझी मावशी आली होती. नंतर चहा पिताना ती एवढंच म्हणाली, "तुजें कोण आयकतालो गो?" तुझं ऐकत कोण होतं?

आता कुणी म्हणेल, कॉमेडी आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? मला कॉमेडीबद्दल तक्रार नाही. आचार्य अत्र्यांचं हे नाटक 1962 साली रंगभूमीवर आलं. प्रत्यक्ष घडलेल्या एका खटल्यावर ते बेतलेलं आहे. प्रभाकर पणशीकर त्यात एकाच भामट्याची पाच रूपं करायचे. लखोबा हसवणारा नसता तर हे नाटक उभंच राहिलं नसतं.

माझी तक्रार वेगळी आहे. दुसऱ्या दिवशी गावात मला तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला: "पण त्या बायका एवढ्या फसल्या कशा?" म्हणजे प्रश्न बायकांनाच!

मला वाटतं, उत्तर त्या मांडवातच होतं. लखोबा गोड बोलतो, हजरजबाबी आहे, कुठल्याही प्रसंगात गडबडत नाही. तो खोटं बोलतोय हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं, तरी तीन तासांत तो आपल्याला आवडायला लागतो. त्याचं पुढचं वाक्य कधी येतं याची आपण वाट बघतो आणि बाईची साक्ष लांबली की चुळबुळ करतो. सगळं माहीत असून आपण त्याच्या बाजूला गेलो, तर काहीच माहीत नसलेल्या त्या बायकांना मूर्ख कसं म्हणायचं? त्या जशा फसल्या, तसेच आपणही फसलो. फरक एवढाच की आपण उठून घरी गेलो.

अत्र्यांनंतर पाच वर्षांनी, 1967 मध्ये, तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आलं. तिथेही कोर्ट आहे आणि सुरुवातीला हशाही आहे. नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला भरतात आणि बरोबरच्या बेणारेबाईंना आरोपी करतात. गंमत म्हणून. ती गंमत कधी संपते आणि शिकार कधी सुरू होते, ते प्रेक्षकाला कळत नाही. आपण थोड्या वेळापूर्वी हसलो होतो याची मग लाज वाटते. शेवटी बाईला बोलायला मिळतात दहा सेकंद. लखोबाच्या कोर्टात बाईला बोलायला भरपूर वेळ आहे, पण ऐकणारे आपण तिथे नसतो.

आमच्या इगर्जेत लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. गोव्यात सिव्हिल नोंदणीलाही आधी एक सही, मग नोटीस, मग दुसरी सही. लहानपणी मला हे सगळं कंटाळवाणं वाटायचं. आता वाटतं, बाईचं ऐकायची वेळ ती असते, लग्नाआधीची. कोर्टात ती पोचते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि तिथेही आपण हसत असू तर मग ती जाणार कुठे?

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. यंदा ही दोन्ही नाटकं एका आठवड्यात वाचूया, मुलांनी आणि मुलींनी मिळून. 'तो मी नव्हेच' वाचताना खुशाल हसूया. फक्त साक्षीदार बाई बोलायला लागली की कोण कोण गप्प होतं, ते बघूया.

पुढच्या जत्रेला मला परत बोलावलं तर मी जाणार. तीच भूमिका मागणार.