जुनी यंत्रं, चालू स्थितीत

१९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं ब्रिटनच्या सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस संगणक परवाना घेऊन भारतात आणला. मेमरी अवघी ४८ किलोबाइट, पडदा म्हणजे घरातला टीव्ही, आणि गेम यायचा ऑडिओ कॅसेटवरून. अशी यंत्रं आजही चालती ठेवणाऱ्या हौशी मंडळींवर आमचा हा अंक आहे.

त्यांचा जीव खेळण्याइतकाच दुरुस्तीत रमतो. टेपचं हेड जरा तिरकं झालं की आवाज दबतो नि गेम लोड होत नाही. मग बारीक पेचकसानं स्क्रू केसभर फिरवायचा, आवाज खणखणीत झाला की थांबायचं. टीव्हीच्या कडेनं निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागल्या की समजायचं, जमलं!

हा विषय आत्ताच का? कॅसेटी खराब होताहेत, कीबोर्डमधला प्लास्टिकचा पातळ पडदा कडक होऊन तडकतो, पिक्चर ट्यूबचे टीव्ही भंगारात चाललेत. दुरुस्तीचं हे ज्ञान आत्ताच लिहून ठेवायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणूनच इथं किमतींपेक्षा दुरुस्तीला जास्त जागा दिली आहे.

लोहाऱ्यात, यवतमाळात कुणाच्या माळ्यावर जुना संगणक, टीव्हीला जोडायचा गेम किंवा कॅसेटी असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला कळवा. बंद असलं तरी कळवा. काय बिघडलंय तेही लिहा.