समुद्राकडून वसुली

फुकेतच्या धक्क्यावर सकाळी साडेसातला आमच्या मनगटांवर हिरव्या पट्ट्या बांधल्या आणि थाई गाइडने दिवसाची यादी वाचून दाखवली. बांबू बेट, माकडांचा किनारा, जेवण, व्हायकिंग गुहा, पिले लगून, माया बे. आमच्या टूर मॅनेजरने ती मराठीत सांगितली आणि शेवटी म्हणाला, "काका, काकू, एका दिवसात सहा पॉइंट! पूर्ण पैसा वसूल!" टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. माझं माहेर देवबागचं. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमची घरं. तिथे पाण्यावर जायचं म्हटलं की घरातला पहिला प्रश्न असायचा, भरती किती वाजता? फुकेतच्या धक्क्यावर चाळीस माणसं होती, आणि भरतीचं नाव एकानेही काढलं नाही.

वसूल या शब्दाची मला तेव्हापासून चीड आली आहे. सावकार कर्ज वसूल करतो, सरकार सारा वसूल करतं. वसुली त्याच्याकडून होते जो आपलं देणं लागतो. समुद्र आपलं काय देणं लागतो? आपण तिकीट काढलं ते बोटवाल्याकडे. पण बोटीत बसलेल्या प्रत्येकाची ठाम समजूत होती, की ते पैसे आता त्या पाण्याने, त्या माशांनी, त्या पुळणीने फेडायचे आहेत, तेही संध्याकाळी पाचच्या आत.

फुकेत ते फी फी बेटं हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. स्पीडबोट ते तासाभरात कापते. लाटेवर बोट आपटते तेव्हा प्रत्येक आपटीसरशी कंबर निखळेलसं वाटतं. आठला निघून पाचला परतलो, म्हणजे नऊ तास. त्यातला वाळूवर किंवा पाण्यात पाय टेकलेला वेळ मी घड्याळ लावून मोजला. तो जेमतेम अडीच तास भरला. बाकीचे साडेसहा तास आम्ही बोटीत, रांगेत किंवा जेवणाच्या पंगतीत होतो. समुद्र बघायला आलेल्या माणसांना एवढाच समुद्र मिळाला. हे विकणाऱ्याला मी फसवणूक करणारा म्हणते, आणि हे मागून घेणाऱ्यालाही मोकळं सोडत नाही.

माकडांच्या किनाऱ्यावर पंधरा मिनिटं होती. खाऊ देऊ नका असं गाइडने दोनदा बजावलं होतं, तरी केळी निघालीच. एका मुलाच्या हाताला ओरखडा आला आणि त्याच्या आईचा उरलेला सगळा दिवस रेबीजच्या इंजेक्शनच्या चिंतेत गेला. त्या किनाऱ्याबद्दल मला याहून जास्त सांगायचं नाही.

पिले लगूनबद्दल मात्र सांगायचं आहे. फी फी ले या बेटाच्या पूर्व अंगाला, उभ्या कड्यांच्या कुशीत हे पाणी आहे. आत शिरायला एकच अरुंद वाट. हे कडे चुनखडीचे आहेत आणि ही चुनखडी पंचवीस कोटी वर्षांहून जुनी आहे. कधीकाळी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या शिंपल्यांचा आणि प्रवाळांचा तो थर आहे. पावसाचं पाणी तिला विरघळवत राहतं, आत पोकळ्या पडतात, पोकळ्यांची छतं ढासळतात आणि वाट सापडली की समुद्र आत येतो. अंदमान समुद्राच्या या भागात कड्यांनी वेढलेली अशी पाण्याची अंगणं आहेत. ओहोटीला पिलेचं पाणी उतरतं, भरतीला चढतं. शांत उभं राहिलं तर या पाण्याचा श्वास दिसला असता. आम्ही गेलो तेव्हा आत वीसेक बोटी होत्या, निम्म्यांची इंजिनं चालू होती, पाण्यावर डिझेलचा इंद्रधनुषी तवंग होता आणि तीन बोटींवर तीन वेगळी गाणी लागली होती. आम्हाला वेळ होता वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत आमच्याच बोटीतल्या एका गृहस्थांनी पावाची लादी काढली आणि तुकडे पाण्यात टाकायला सुरुवात केली. पिवळे-काळे पट्टेरी मासे झुंबडीने आले, सगळे मोबाइल बाहेर निघाले. मी म्हटलं, "दादा, नका टाकू." ते म्हणाले, "अहो ताई, मुक्या जिवाला खायला घातलं तर पुण्यच लागतं ना?" हा पुण्याचा हिशेब मला तिथेच खोडून काढायचा होता, पण गाइडची शिट्टी झाली. म्हणून इथे खोडते. प्रवाळावरचे कितीतरी मासे शेवाळ खाऊन जगतात. त्यांनी शेवाळ खाल्लं तर प्रवाळाला ऊन मिळतं आणि त्याच्या पिल्लांना चिकटायला जागा मिळते. पोपटमासा तर चोचीसारख्या दातांनी मेलेल्या प्रवाळाचा दगडच खरवडतो, तो पोटात दळतो आणि पांढरी वाळू करून बाहेर टाकतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. ज्या पांढऱ्या पुळणीवर झोपून फोटो काढायला आपण विमानाने जातो, तिच्यातला मोठा वाटा या माशांच्या पोटातून आलेला असतो. त्यांना मैद्याच्या पावाची सवय लावली की ते बोटींमागे फिरतात आणि शेवाळ वाढत राहतं. यात पुण्य कुठे आहे?

पाव टाकून झाल्यावर लाइफ जॅकेट घातलेली माणसं पाण्यात उतरली. पोहता येत नसलेले दोघे दमले आणि पायाखाली काही टणक लागलं म्हणून त्यावर उभे राहिले. खडक समजून ते ज्यावर उभे होते तो जिवंत प्रवाळ होता. गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. ताटाएवढा घेर व्हायला त्याला पंधरा वर्षं लागतात. २०२४ साली थायलंडच्या समुद्रात पाणी इतकं तापलं की प्रवाळ पांढरे पडले. त्यातून जे जगले आहेत ते आजारातून उठलेल्या माणसासारखे आहेत. त्यांच्या डोक्यावर आपण पाय देतो, कारण बोटीत कुणालाही ते काय आहे हे सांगायला वेळ ठेवलेला नव्हता.

ज्याने सांगायचं तो माणूस बोटीत होता. मी परतीच्या वाटेवर गाइडला व्हायकिंग गुहेबद्दल विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. त्या गुहेत पाकोळीच्या जातीचे पक्षी आपल्या लाळेची घरटी बांधतात. ती घरटी चिनी सूपासाठी विकली जातात, आणि ती काढायला माणसं बांबूच्या उंच परांच्यांवर अनवाणी चढतात. आत भिंतींवर जुन्या गलबतांची चित्रं आहेत, त्यांवरूनच गुहेला ते नाव पडलं. आत कुणाला सोडत नाहीत, आणि तेच योग्य आहे. पण बाहेर बोट थांबवून अर्धा तास त्याने हे सगळ्यांना सांगितलं असतं, तर त्या दिवसाची किंमत वाढली असती. तिथे आम्ही पाच मिनिटं थांबलो. ज्याला एवढं माहीत आहे त्याच्या हाती शिट्टी देऊन त्याला वेळेचा मुकादम केलं आहे. त्याचा हा अपमान मला पावाइतकाच सलतो.

आता माया बे. या किनाऱ्याची गोष्ट प्रत्येक टूर कंपनीच्या दारावर लावायला हवी. लिओनार्दो दिकाप्रियोचा 'द बीच' हा चित्रपट इथे चित्रित झाला आणि २००० साली पडद्यावर आला. चित्रीकरणासाठी वाळूचे उंचवटे सपाट केले होते, बाहेरून आणून माड लावले होते. त्यावरून स्थानिकांनी खटला भरला, तो वीस वर्षांहून जास्त चालला. पण चित्रीकरणाने झालं त्याहून कितीतरी मोठं नुकसान चित्रपट बघून आलेल्यांनी केलं. सुमारे अडीचशे मीटर लांबीच्या पुळणीवर ऐन हंगामात दिवसाला पाच हजार माणसं आणि दोनशे बोटी येऊ लागल्या. बोटींचे नांगर थेट प्रवाळावर पडत. जून २०१८ मध्ये सरकारने किनारा बंद केला. आधी चार महिन्यांसाठी, मग मुदत वाढत गेली. तो उघडला १ जानेवारी २०२२ ला.

या मधल्या काळात काय झालं? संशोधकांनी आणि राष्ट्रीय उद्यानाच्या माणसांनी प्रवाळाचे हजारो तुकडे पुन्हा लावले. आणि काळ्या टोकाच्या परांचे छोटे मुशी मासे उथळ पाण्यात परत आले. मी ते पाहिले. गुडघाभर पाण्यात, हातभर लांबीचे, कडेकडेने फिरणारे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. हा किनारा बरा कसा झाला? आधी माणसाने पाय काढून घेतला म्हणून झाला.

आज तिथे नियम आहेत. बोटी खाडीत शिरत नाहीत. मागच्या लो समाह बाजूला तरंगत्या धक्क्याला लागतात आणि माणसं लाकडी वाटेने चालत येतात. एका वेळी ३७५ माणसं, एक तास. पोहायला बंदी, गुडघ्यापर्यंतच उतरायचं. परदेशी माणसाला उद्यानाचं शुल्क ४०० बात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किनारा दर वर्षी बंद. प्रवाळाला घातक रसायनं असलेली सनस्क्रीन थायलंडने २०२१ पासून आपल्या राष्ट्रीय उद्यानांत बंद केली आहेत आणि दंड एक लाख बातपर्यंत आहे. आमच्या गटातला एक तरुण मांडीपर्यंत पाण्यात गेला, रक्षकाने शिट्टी मारली, आणि तो बाहेर येऊन माझ्यासमोर तणतणला, "एवढे पैसे भरून साधं पोहायचं पण नाही? मग आलो कशाला?" मी त्याला म्हटलं, "तू पोहला असतास तर हे बघायलाच मिळालं नसतं." त्याने माझ्याकडे पाठ फिरवली. त्या रक्षकाची शिट्टी हीच त्या दिवसातली मला पटलेली शिट्टी होती.

लोक मला म्हणतात, तुझं ठीक आहे, पण मध्यमवर्गीय माणूस पै-पै जमवून आयुष्यात एकदा जातो, त्याला जास्तीत जास्त बघू दे. अरे, आयुष्यात एकदाच जातो म्हणूनच तर मी भांडते आहे! त्या रात्री हॉटेलवर जेवताना सगळे मोबाइल काढून बसले होते आणि दोन फोटोंपैकी कुठला बांबू बेटाचा आणि कुठला माया बेचा यावर नवरा-बायकोत वाद चालला होता. जमवलेल्या पैशाचं त्यांच्या हाती हे पडलं. त्यांना एकच खाडी दाखवा. सकाळी ओहोटीत न्या, दुपारी भरती येताना तिथेच बसवा, गाइडला बोलू द्या. त्या माणसाला ती खाडी मरेपर्यंत आठवेल.

दुसरं म्हणतात, बोटवाल्यांच्या पोटावर पाय येईल. माया बे बंद झाला तेव्हाही ही ओरड झालीच होती. आज त्याच माया बेच्या नावावर फुकेत आणि क्राबीतली तिकिटं खपतात, आणि खपतात कारण तिथे पुन्हा काही बघण्यासारखं आहे. आणि समुद्र बंद ठेवणं आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटायची नाही हे कोळी आणि गाबीत पिढ्यान् पिढ्या पाळत आले. आज १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी सरकारी आहे, पण तिच्यामागची समज सरकारच्या कितीतरी आधीची आहे. मासे अंडी घालतात तेव्हा जाळं टाकायचं नाही, एवढी ती सरळ आहे. मासे पकडणाऱ्याने पोटाला चिमटा घेऊन दोन महिने थांबायचं आणि मासे बघणाऱ्याने मात्र एक दिवस थांबायचं नाही, हा कुठला न्याय?

मी हे फुकेतपुरतं बोलत नाही. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं ते याच पाण्यात, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. तिथेही मी पाण्यात बिस्किटं टाकलेली पाहिली आहेत. आमच्या देवबागला कर्लीच्या मुखाशी जो वाळूचा दांडा आहे, त्याला आता त्सुनामी आयलंड म्हणतात. मे महिन्यात त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. माझ्या लहानपणी सुकतीला तिथे आम्ही खुबे वेचायला जायचो.

गेल्या मे महिन्यात माझ्या मावसभावाच्या होडीवर नवा फलक दिसला. डॉल्फिन, किल्ला, संगम, त्सुनामी आयलंड, स्नॉर्कलिंग, सगळं दोन तासांत. मी त्याला खडसावलं. म्हटलं, तुझे वडील भरती बघून होडी काढायचे, आणि तू घड्याळ बघून काढतोस? तो मान खाली घालून दोरी गुंडाळत होता. मग म्हणाला, "गो ताई, पाच पॉइंट सांगलंय नाय तर गिराईक बाजूच्या होडयेत जावन बसतत. तुमी पुण्या-मुंबयची माणसां एकच जागा मागा, मी दिवसभर थंयच नांगर टाकून बसतंय."

माझ्यासोबत पुण्याहून आलेल्या मैत्रिणी धक्क्यावर उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. एकीने विचारलं, "पण मग डॉल्फिन नाही दिसणार का?"