हिशेब सहा वर्षांचा, शब्द चार वर्षांचा

परवा पेणला एका सल्लागाराने गणपती कारखानदारांना बजावले : मोठी कंपनी धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरली आहे, तिच्याकडे अमाप पैसा आहे, ती तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, जुने सगळे फेकून द्या. जिते, हमरापूर, जोहे, तांबडशेत इथल्या कारखान्यांचे हिशेब मी लिहितो. हा सल्ला घातक आहे. तो देणाऱ्याने आयुष्यात एकदाही उधारी वसूल केलेली नसावी.

मायक्रोसॉफ्टहून पैसेवाल्या कंपन्या किती? तिने २००५ साली छोट्या धंद्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर आणले आणि २००९च्या नोव्हेंबरात ते देणे बंद केले. चार वर्षांत! इंट्युइटचे तर पोटच हिशेबावर, तरी तिने २०२३ साली क्विकबुक्स भारतातून काढून घेतले. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातला हा कप्पा मिटला तरी कंपनीला झळ लागत नाही. आपल्याला लागते. जीएसटी कायदा नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायला लावतो. सॉफ्टवेअर त्याआधीच मेले तर अधिकाऱ्यापुढे काय ठेवायचे? अशाच एका बंद होणाऱ्या सेवेतून एका कारखान्याची उधारी मी ऐन श्रावणात, रंगकामाच्या धांदलीत, रात्री जागून पानापानाने उतरवून घेतली. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडची तीन हंगामांची बाकी त्यात अडकली होती.

मायक्रोसॉफ्टनेच २००२ साली घेतलेले नेव्हिजन हे धंद्याचे सॉफ्टवेअर नाव बदलून आजही चालू आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी घेतलेल्या तशाच ग्रेट प्लेन्सचा आधार २०२९ अखेर संपतो आहे, हेही त्याने सांगावे.

मोठ्या कंपनीचे सॉफ्टवेअर स्वस्त पडते म्हणतात. पहिल्या वर्षीच पडते.

संगणक आला तेव्हाही याच विचाराच्या मंडळींनी रोजकीर्द रद्दीत घालायला सांगितले होते. मी नको म्हटले, तर मला मागासलेला ठरवले. संगणक मी त्याच वर्षी घेतला होता. माझे म्हणणे एवढेच होते, की दुसरी प्रत हवी.

आजही तेच सांगतो. सगळी खाती स्वतःच्या हाताने एक्सेलमध्ये काढता येतील, तेच सॉफ्टवेअर घ्या. १९८६ साली सुरू झालेली आपल्याकडची टॅली हिशेबाच्याच कामावर उभी राहिली. तिच्याबाबतही हीच अट लावा. कारखानदारांनो, दर महिनाअखेर खातेवहीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि उधारीची यादी छापून गल्ल्यात ठेवा. याच महिन्यापासून.