हेडफोन घेताना आधी कान बघा, बास नंतर

बॅचमध्ये दर वेळी एक प्रश्न येतोच. "सर, बाराशे-पंधराशेत चांगला हेडफोन कोणता?" मी मॉडेलचं नाव सांगत नाही. उलट विचारतो, रोज किती तास घालणार? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. माझं मत विचाराल तर निम्मा निर्णय इथेच होतो. वायर की ब्लूटूथ, बास किती, रंग कोणता, हे सगळं त्याच्या नंतर.

मित्रांनो, आपल्याकडे हेडफोन आता फक्त फिरायला जाताना गाणी ऐकण्यापुरता उरलेला नाही. मसाल्याची पाकिटं सील करताना, शिलाई मशीनवर, रात्री स्टॉक मोजताना कानात काहीतरी चालू असतंच. जुनी गाणी, भजनं, कुणाचं ट्रेनिंग. मोबाइल असो की छोटा एमपीथ्री प्लेअर, दिवसाचे चार तास सहज होतात. चार तास पायात राहणारी चप्पल आपण दुकानात घालून, चार पावलं चालून मग घेतो. आणि चार तास कानात राहणारी वस्तू मात्र खोक्यावरचं "एक्स्ट्रा बास" वाचून घेतो!

हिशेब मांडा. तीनशेचा इअरफोन घेतला, रोज तासभर लावला, कान दुखायला लागला म्हणून पंधरा दिवसांत ड्रॉवरमध्ये गेला. म्हणजे तासाला २० रुपये. पंधराशेचा घेतला, रोज ४ तास, वर्षातले ३०० दिवस वापरला, तर तासाला सव्वा रुपया. स्वस्त कोणता पडला?

सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला. त्या काळी साधारण हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असायचे. वॉकमनसोबत दिलेला होता सुमारे ५० ग्रॅमचा. खिशातला प्लेअर सगळ्यांना दिसला, पण डोक्यावर जड टोपलं असतं तर तो घेऊन रस्त्यावर कोण फिरलं असतं?

आता मुद्द्याचं. आराम आणि आवाजाचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं लोक धरून चालतात. तसं नाही. कानात जाणाऱ्या इअरफोनची रबरी टिप सैल बसली की फटीतून बास निघून जातो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. मग आपण म्हणतो, "पीसच बेकार आहे," आणि आवाज वाढवतो. खोक्यात लहान-मध्यम-मोठी अशा तीन टिप्स असतात, त्या किती जण काढून बघतात? एक सोपी परीक्षा आहे. गाणं लावा आणि इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. बास एकदम वाढला तर तुमची टिप लहान आहे. दोन्ही कानांना वेगवेगळी साइज लागली तरी त्यात वावगं काही नाही.

हे मी एवढं ताणून का सांगतोय? कारण वाढवलेला आवाज फुकट नसतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे. तोच आवाज ९० डेसिबलवर गेला की आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. शिलाई मशीनच्या किंवा लोकलच्या खडखडाटावर मात करायला आवाज किती चढवता ते आठवा. आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. गिऱ्हाइकाचा फोन नीट ऐकू येणं हे आपलं भांडवल आहे, राव. म्हणून गोंगाटात काम करणाऱ्यांनी घट्ट बसणारा इअरफोन किंवा अख्खा कान झाकणारा बंद हेडफोन घ्यावा आणि आवाज कमी ठेवावा. दुचाकीवर आणि रूळ ओलांडताना मात्र कान मोकळेच हवेत, तिथे वाद नको.

मोठा हेडफोन घेणार असाल तर दहा मिनिटं घालून बसा. चष्मा असेल तर चष्म्यासकट. पहिल्या मिनिटाला सगळेच मऊ लागतात, दुखायला लागतं नंतर, काडीपाशी. गाद्या रेक्झिनच्या असतील तर आपल्या घामात आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत त्यांचे पापुद्रे सुटतात. गाद्या निघतात का आणि नव्या मिळतात का, हे आधीच विचारून ठेवा.

अजून एक फसगत. स्टुडिओतले हेडफोन भारी म्हणून कुणी २५० ओहमचा आणतो, मोबाइलला लावतो, आणि आवाज मरतुकडा. छोट्या प्लेअरला १६ ते ३२ ओहम पुरे. खोक्यावर लिहिलेलं असतं.

वायर की ब्लूटूथ? दिवसभर बसून काम करणाऱ्याला मी वायरच सांगतो. चार्जिंगची कटकट नाही, आणि पिनपाशी तुटली तर गल्लीतला मोबाइलवाला नवी पिन सोल्डर करून देतो. छोट्या वायरलेस बड्सची बॅटरी उतरली की सहसा अख्खी जोडीच टाकावी लागते. हातपाय हलवत काम असेल, वायर मशीनमध्ये अडकायची भीती असेल, तर मात्र ब्लूटूथ घ्या, बिनधास्त. खरेदी लॅमिंग्टन रोडवर करा, तापकीर गल्लीत करा, पण "फर्स्ट कॉपी"च्या नादी लागू नका आणि पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर वॉरंटी कुणाकडे मागणार?

तुमच्यापैकी ज्यांचा मोबाइल अॅक्सेसरीजचा स्टॉल आहे त्यांनी काउंटरवर एक ट्रायलचा पीस, स्पिरिट-कापूस आणि सुट्या टिप्सचं एक पाकीट ठेवावं. गिऱ्हाइकाच्या कानाला टिप बसवून द्यायला दोन मिनिटं लागतात. "आवाज येत नाही" म्हणून परत येणाऱ्या पीसमध्ये सैल टिपवालेही असतात, आणि ते तर तिथेच, काउंटरवरच थांबवता येतात.